शक्य असेल तिथे

"ही खुर्ची ज्याने बनवली ना, त्याला महिनाभर हिच्यावरच बसवून ठेवलं पाहिजे. जेवायलासुद्धा उठू द्यायचं नाही."

ओत्ताविओ कोसुत्ती हे स्वतःशीच पुटपुटले. निदान त्यांना तसं वाटलं. पण माझ्या गळ्याभोवतीचं लाल कडं अजून पेटलेलं होतं. भाषण संपवून ते मला बंद करायला विसरले होते. सभागृहाच्या कडेने काचेच्या खोल्यांत दुभाषी बसतात, आणि त्यांचा नियम सरळ आहे. माइक चालू तर त्यांचं तोंड चालू. "ते सदस्य असं म्हणाले" वगैरे ते कधी म्हणत नाहीत. बोलणाऱ्याच्या जागी बसतात आणि त्याचंच बोलणं आपलं करून बोलतात. त्यामुळे त्या खुर्चीवरचा राग ग्रीसच्या शेतकऱ्याला ग्रीकमध्ये ऐकू गेला, पोलंडच्या बाईंना पोलिशमध्ये, आणि दुभाष्यांनी तो मनापासून, अगदी कंबर धरून व्यक्त केला.

मग हसू आलं. तेही एकदम नाही. या सभागृहात हसू भाषेभाषेने येतं. आधी इटलीवाले हसतात, मग फ्रेंच, आणि सगळे शांत झाले की मागून हंगेरीचा एखादा खो खो करत उठतो.

"अध्यक्षबाई," समोरच्या रांगेतून मार्येता कोबाल म्हणाल्या, "कामगारांच्या वतीने आमचा या सूचनेला पूर्ण पाठिंबा आहे. मालक मंडळींशी आमचं एकमत झालंय, तेव्हा कृपा करून हे टिपून ठेवा. पुन्हा होईल न होईल."

"आमच्या कारखान्यातली खुर्ची असती," ओत्ताविओ लाल होऊन म्हणाले, "तर मी तक्रार केली नसती. झोप काढली असती."

मित्रांनो, मी तोच माइक. ब्रुसेल्समधल्या त्या सभागृहात, दुसऱ्या रांगेच्या टोकाला, टेबलाला स्क्रूने जखडलेला, लांब मानेचा एक जुना माइक. रंगाने काळा, स्वभावाने सरळ, आणि मान मात्र कोणी वळवील तिकडे वळणारी. माझी गोष्ट सांगतो. मोठी नाही, पण ऐकलेली सगळी आहे, आणि ऐकण्यापलीकडे मला दुसरं येतंच काय!

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. जाड चष्म्याच्या एका बाईने माझ्या मानेतून तार ओवली, डोक्यावर स्पंजचं काळं टोपडं चढवलं, आणि माझ्याजवळ तोंड आणून विचारलं, "ऐकू येतंय का?" माझ्या कानावर पडलेला पहिला प्रश्न हा. पुढे खोक्यातून ब्रुसेल्सला आलो, टेबलावर बसलो, आणि हळूहळू लक्षात आलं की या इमारतीत येणारा प्रत्येक माणूस तोच प्रश्न घेऊन येतो. ऐकू येतंय का?

युरोपचे कायदे करणारी मोठी मंडळी दोन-चार रस्ते पलीकडे बसतात. आमच्याकडे बसतात ते त्यांना सल्ला देणारे. एका गटात कारखानदार आणि दुकानदार, दुसऱ्यात कामगार संघटनांची माणसं, आणि तिसऱ्यात उरलेली सगळी दुनिया. शेतकरी, ग्राहकांच्या संस्था, अपंगांसाठी झटणारे, घरातल्या आजाऱ्यांचं करणारे. आपापली कामं मागे टाकून ते येतात, चाकाची बॅग ओढत, ओल्या छत्र्या खुर्चीला अडकवत. आणि भांडतात. काय भांडतात म्हणता! एका शब्दावर अख्खी दुपार जाते. शेवटी तयार होतो तो अभिप्राय. तो कायदा नव्हे. पलीकडच्यांनी वाचला तर वाचला, नाही वाचला तर कपाटात गेला.

हे त्यांना ठाऊक असतं, आणि तरीही ते येतात. ज्याच्या हाती हुकूम आहे त्याला बोलायला काय लागतं? नुसत्या शब्दांवर समोरच्याला पटवायचं, तेही आपल्या विरुद्ध बाजूच्या माणसाला, म्हणजे किती चिकाटी हवी! संप करणारा आणि ज्याच्या दारात संप झाला तो, असे दोघे एका मसुद्यावर डोकं लावून बसलेले मी पाहिलेत. आणखी एक रीत सांगतो, मला ती फार आवडते. मतदानात एखादी दुरुस्ती हरली, पण तिच्यामागे पुरेशी माणसं असली, तर ती फेकून देत नाहीत. अभिप्रायाच्या शेवटी जोडून पाठवतात, की बाबांनो, आमच्यातल्या काहींचं असंही म्हणणं होतं. हरलेल्याचं बोलणंसुद्धा घडी घालून नीट सोबत द्यायचं, हे तुम्ही आणखी कुठे पाहिलंत?

माझे भरभराटीचे दिवस होते. माझ्यातून आवाज स्वच्छ जायचा, दुभाषी माझी तारीफ करायचे. लात्वियाचा एक म्हातारा ट्रकचालक सदस्य होता. रस्त्यावर विसाव्याच्या जागी चालकांना दिवे हवेत, दाराला कडी असलेलं न्हाणीघर हवं, एवढं एक वाक्य त्याने माझ्यापुढे पाहुण्यासारखं अवघडत मांडलं होतं. काही वर्षांनी ते वाक्य, थोडे कपडे बदलून, पलीकडच्या नियमांत उमटलं. बातमी आली तेव्हा तो माझ्यासमोर उभा राहिला. माझं टोपडं जरा तिरकं झालं होतं, ते दोन बोटांनी सरळ केलं आणि गेला. माझ्या वाट्याला आलेला सगळ्यात मोठा मान तोच.

मग ती साथ आली. सभागृह ओस पडलं. माणसं आपापल्या घरातून पडद्यावर बोलू लागली, पाठीमागे कुत्री भुंकू लागली, आणि माझ्यावर धुळीचा थर बसला. लोक परतले तेव्हा त्यांच्यासोबत नवे माइकही आले. सपाट, चकचकीत, पोटात पडदा असलेले. माझे रांगेतले भाऊबंद एकेक करून खोक्यात गेले. माझेही स्क्रू ढिले झाले होते. तेवढ्यात फिर्मां आला. फिर्मां म्हणजे आमचा ध्वनीवाला. मिशा पांढऱ्या, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर, आणि तोंडात कायम कुरकुर.

"याला राहू दे," तो खरेदी विभागाच्या बाईंना म्हणाला. "टोकाला टेबल वाकडं आहे, नवा इथे बसायचा नाही."

"फिर्मां, तुझं मेलं सगळं प्रेम जुन्यावरच."

"म्हणून तर तुझ्याशी बोलतो."

बाईंनी हातातली फाइल त्याच्या दंडावर मारली, आणि मी वाचलो. अख्ख्या सभागृहात जुना मी एकटाच. टोकाची जागा, वाकडं टेबल, कोणी मुद्दाम बसायला येईना. मग ओत्ताविओ आले आणि त्यांनी नेमकी तीच जागा धरली. दाराजवळची होती, फोन आला तर पटकन सटकता येईल म्हणून.

ओत्ताविओ कोसुत्ती इटलीच्या उत्तर-पूर्व कोपऱ्यातले, उदिनेजवळच्या गावचे. तीन पिढ्यांचा खुर्च्यांचा कारखाना. मार्येता कोबाल सीमेच्या पलीकडच्या, स्लोव्हेनियातल्या. दोघांच्या गावांत गाडीने तासाभराचंही अंतर नसेल, पण भांडायला मात्र दोघं विमानाने ब्रुसेल्सला यायचे. सभेत एकमेकांना "माननीय सदस्य" म्हणायचे आणि सभा संपली की अरे-तुरे.

या वेळचा मसुदा मार्येताबाईंकडे होता. विषय होता घरात राहून म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बायकांचा. तुम्हाला सांगतो, युरोपातल्या कितीतरी घरांत अशी एक बाई असते. ती दुसऱ्या देशातून, बसने, आपली मुलं आईकडे सोडून आलेली असते. म्हातारीच्या शेजारच्या खोलीत झोपते, आणि मधलं दार उघडं ठेवून झोपते. मार्येताबाईंच्या मसुद्यात एक वाक्य होतं: अशा प्रत्येक बाईला आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि त्या दिवशी तिच्या जागी दुसरं माणूस. बस्स. सगळा मसुदा त्या एका वाक्यावर उभा होता.

आणि मालक मंडळींनी त्या वाक्याला तीन शब्दांची दुरुस्ती सुचवली होती. "शक्य असेल तिथे." दुरुस्तीवर सही होती ओत्ताविओंची.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी सभागृह रिकामं होतं. दोघं जॉर्दां चौकातून बटाट्याच्या तळलेल्या कापांची कागदी पुंगळी घेऊन आत आले. आत खायला सक्त मनाई आहे. ते माझ्याच जागेवर बसले.

"तीन शब्द आहेत, मार्येता. तीन शब्दांनी काय आभाळ कोसळतंय?"

"मग काढून टाक की. तीनच तर आहेत."

"अगं, घरं वेगवेगळी असतात. कोणाला बदली माणूस मिळत नाही, कोणाला परवडत नाही..."

"ओत्ताविओ, ते शब्द माझ्या ओळखीचे आहेत." मार्येताबाईंनी एक काप मेयोनीजमध्ये बुडवला. "तरुणपणी तुमच्या इटलीत, त्रिएस्तेला, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी मी असंच राहून काम केलंय. त्यांचा मुलगा नेमकं हेच म्हणायचा. शक्य असेल तेव्हा जा हो, मार्येता. अगदी जरूर जा."

"वाईट होता का?"

"छे! फार चांगला माणूस. दर नाताळला शाल द्यायचा. माझ्याकडे अजून आहेत, कपाटभर. पाहिजे तर तुला देते एक."

ओत्ताविओंनी घाईने पुंगळी पुढे सरकवली आणि मेयोनीजचा एक थेंब माझ्या टोपड्यावर पडला. फिर्मांला तो संध्याकाळी सापडला. त्याने कोणाकोणाचा उद्धार केला ते इथे सांगत नाही, मुलं ऐकताहेत.

पण ओत्ताविओंनी विषय का टाळला ते मला माहीत होतं. मित्रांनो, माझं कडं विझलं की माझा आवाज बंद होतो. कान नाही बंद होत. सभेच्या मधल्या सुट्टीत ते माझ्या शेजारी बसूनच घरी फोन लावायचे. बाहेर व्हरांड्यात रेंज नीट नव्हती, त्यामुळे सटकायचा बेत कधी जमलाच नाही.

"व्हियोरिका, मम्मा जेवली?"

फोनमधून एक भरदार आवाज यायचा. "जेवल्या, सिन्योर ओत्ताविओ. आमची मामालिगा केली आणि तुमची पोलेंटा म्हणून वाढली. दोन्ही मक्याचंच, त्यांना काय कळतंय! मला विचारतात, तू कुठल्या गावची गं? म्हटलं, डोंगरापलीकडची. म्हणाल्या, तरीच हाताला चव आहे."

ओत्ताविओ हसायचे. मग पलीकडचा आवाज जरा खाली यायचा. "सिन्योर, या रविवारी..."

"पुढच्या रविवारी बघू हं, व्हियोरिका. या रविवारी माझ्या बहिणीला जमत नाहीये."

ते वाईट नव्हते हो. दर खेपेला परतताना तिच्यासाठी चॉकलेटचा डबा घ्यायचे. चांगलं दुकान शोधून, फीत बांधून घ्यायचे. डबा दरवेळी जायचा. रविवार मात्र तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

आणि मतदानाच्या दिवशी सकाळी, सभा सुरू व्हायच्या आधी, पुन्हा फोन झाला.

"सिन्योर, माझी इलिंका येतेय. माझी मुलगी. कामाला स्पेनला चाललीय, बस उदिनेला थांबते. या रविवारी, दुपारपुरती. फार दिवसांत तिला पाहिली नाही मी. फोनवर पाहते, पण फोनमध्ये ती कायम घाईतच असते."

"या रविवारी..." ओत्ताविओंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "व्हियोरिका, मी तुम्हाला कळवतो. आता सभा आहे."

"आज काय आहे सभेत?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "असंच. खुर्च्या वाईट आहेत."

त्या दिवशी आमच्या अध्यक्षबाई, फिनलंडच्या औलिक्की नार्ही, जरा जास्तच शांत होत्या. त्या शांत असल्या की मतं अर्धी-अर्धी आहेत असं समजायचं. दुरुस्तीवर चर्चा सुरू झाली. काय सुंदर बोलले सगळे! कोणी म्हणालं, काळजीची गरज असलेल्या व्यक्तींचा सन्मान. कोणी म्हणालं, कुटुंबांवरचा ताण. कोणी म्हणालं, क्षेत्रातली मनुष्यबळाची टंचाई. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण सुट्ट्यांमध्ये या टेबलांवर वाजणारे फोन मी इतकी वर्षं ऐकत आलोय. आज बोलणाऱ्यांत कितीजणांच्या घरी अशी एक व्हियोरिका आहे ते मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं, आणि एकमेकांबद्दलही ठाऊक होतं. तरी "घर" सगळे म्हणत होते, "माझं घर" कोणी म्हणेना. मालकांच्या गटातलं कोणी नाही, कामगारांच्या गटातलंसुद्धा नाही. मार्येताबाई नुसत्या ऐकत होत्या, पेनचं टोपण काढत-लावत.

"कोसुत्ती साहेब," अध्यक्षबाई म्हणाल्या, "दुरुस्ती आपली आहे. मतदानाआधी आपली बाजू मांडा."

ओत्ताविओंनी माझं बटण दाबलं. माझं कडं लाल झालं. त्यांनी कागद समोर धरला.

"अध्यक्षबाई, प्रत्येक घराची परिस्थिती वेगळी असते. आमच्या दुरुस्तीचा हेतू एवढाच, की..."

टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. लाकडातून ती थरथर माझ्यात आली आणि माझ्यातून सगळ्यांच्या कानात गेली. त्यांनी पडद्यावर व्हियोरिकाचं नाव पाहिलं आणि फोन हळूच पालथा घातला. मग कागदाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

सभागृहात माणूस बोलता बोलता थांबला की दुभाषीही थांबतात. हेडफोनमध्ये नुसता श्वास ऐकू येतो. काचेमागून फिर्मांने हात वर करून खूण केली: बोलायचं नसेल तर बंद करा. ओत्ताविओंचा अंगठा माझ्या बटणावर होता. घामाने ओला झालेला, गरम. तेवढा एक अंगठा दाबला असता, तर सभा सुखाने पुढे गेली असती. मतदान झालं असतं, तीन शब्द बहुधा आत आले असते, आणि रविवारच्या दुपारी उदिनेच्या बस थांब्यावर एक मुलगी आईची वाट पाहून पुढे निघून गेली असती.

मित्रांनो, पुढचं सांगण्याआधी एक मागणं मागतो. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या, हे तर आहेच. आमच्यावर कॉफी सांडू नका, आमची मान पिरगळू नका, बोलून झालं की आम्हाला आठवणीने बंद करा. पण काळजी घेणाऱ्यांचीही कोणीतरी काळजी घ्यायला हवी, हे मी त्या सभागृहात शिकलो. जो तुमच्या घरात सगळ्यांचं ऐकतो, त्याला कधीतरी विचारा, तुला काय म्हणायचंय? आणि मनातलं खरं ओठांवर आलं असेल, तर बटणावरचा अंगठा उचला.

ओत्ताविओंनी अंगठा उचलला. कागद बाजूला ठेवला, माझी मान धरून मला जवळ ओढलं.

"माझ्या घरात," ते म्हणाले, "माझ्या आईला व्हियोरिका नावाची बाई सांभाळते."

काचेच्या खोल्यांत सगळे दुभाषी एकदम ताठ बसले. आणि त्यांच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने ते आपलंच करून सांगितलं. ग्रीसच्या शेतकऱ्याच्या कानात ग्रीकमधून आलं, माझ्या घरात, माझ्या आईला. जर्मनीच्या उद्योजकाच्या कानात जर्मनमधून आलं, माझ्या घरात, माझ्या आईला. मघाशी मनुष्यबळाच्या टंचाईवर बोललेल्या बाईंनी हेडफोनला हात लावला, पण काढला नाही. कोणीच काढला नाही. मार्येताबाईंच्या हातातलं टोपण थांबलं.

"ती माझ्याकडे रविवार मागते. मी म्हणतो, पुढच्या रविवारी बघू. बहिणीला जमत नाही म्हणून सांगतो. बहिणीला मी कधी विचारलेलंच नाही." त्यांचा आवाज बसला होता, पण माझ्यातून तो स्वच्छ गेला. जुना असलो तरी त्या दिवशी मी एक अक्षर गाळलं नाही. "आई मला ओळखत नाही. तिला उचलून कसं बसवायचं, ते मला येत नाही. तिच्याजवळ एकटं बसायची मला भीती वाटते. अध्यक्षबाई, आमच्या दुरुस्तीत लिहिलंय, शक्य असेल तिथे. शक्य होतं. दर रविवारी शक्य होतं. त्यासाठी मला घरी थांबावं लागलं असतं, आणि तेच मला नको होतं."